थाईसचं 'मेडिटेशन' वाजवायचंय, मग अख्खा ऑपेरा बघायलाच हवा का?

प्रश्न विचारणाऱ्या दादांनी लिहिलंय ते थोडक्यात असं. त्यांची लेक सोळा वर्षांची, आठ वर्षं व्हायोलिन शिकतेय, डिसेंबरच्या कार्यक्रमात 'मेडिटेशन' वाजवणार आहे, म्हणजे मासने या फ्रेंच संगीतकाराच्या 'थाईस' या ऑपेरातला व्हायोलिनचा सोलो. तिचे सर म्हणतात की सूर पक्के आहेत, बो (गज) चांगला चालतो, पण हे ऑपेरातलं वाटत नाही, हॉटेलच्या लिफ्टमधलं वाटतं. घरात कोणीच कधी ऑपेरा बघितलेला नाही. तर तो पूर्ण बघायलाच हवा का, लोक गाणं ऐकायला येतात तिथे असे वाद्याचे सोलो, म्हणजे एकट्या वाद्याच्या जागा, मुळात असतात तरी कशाला, आणि अजून कोणते ऐकावेत?

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी क्लॅरिनेटवाला. काका सांगलीकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, तिथून हे वेड लागलं, पुढे शिकायला जर्मनीत गेलो आणि तिथल्या एका मध्यम आकाराच्या ऑपेरा हाउसच्या पिटमध्ये, म्हणजे स्टेजच्या पुढे जो खड्डा असतो वाद्यवृंदाचा त्यात, आधी बदली वादक म्हणून आणि मग कायमचा, मिळून एकवीस वर्षं बसलो. त्यामुळे व्हायोलिनची बोटं कुठे ठेवायची हे मला विचारू नका, ते तिच्या सरांचं काम. पण हा तुकडा मी सोलो वाजवणाऱ्या व्हायोलिनपासून काही हातांवर बसून खूपदा ऐकलाय, आणि आम्हा क्लॅरिनेटवाल्यांना त्या पाच मिनिटांत फारसं काम नसतं, त्यामुळे नीट ऐकलाय.

माझ्या मते इथे अडचण ऑपेरा बघितला की नाही ही नाहीये. अडचण अशी की तुमची लेक हा एक स्वतंत्र, सुंदर, संथ तुकडा म्हणून वाजवतेय, आणि त्यात तिची चूक नाही कारण सगळीकडे तो तसाच ऐकू येतो, लग्नात, योगाच्या व्हिडिओत, शांत झोपेच्या प्लेलिस्टमध्ये. ऑपेरातला सोलो हा तुकडा नसतोच. तो कोणाचा तरी गप्प राहण्याचा वेळ असतो. नाटकात एखादं पात्र बोलत नाही, किंवा बोलू शकत नाही, किंवा त्याला स्वतःलाच अजून माहीत नाही की आपल्याला काय म्हणायचंय, आणि तेवढ्यापुरतं ते काम वाद्याकडे दिलेलं असतं. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना एवढंच विचारतो की आत्ता गप्प कोण आहे आणि याच्या आधीच्या मिनिटाला काय घडलं. हे कळलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं अर्थातच रोजचा रियाज, त्याला इलाज नाही.

आता थाईस. चौथ्या शतकातलं इजिप्त, अलेक्झांड्रिया शहर. थाईस ही तिथली सगळ्यात गाजलेली गणिका. वाळवंटातला एक संन्यासी, अथानाएल, तिला 'वाचवायला' येतो. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला ती एकटी आहे, आरशाला विचारतेय की सांग मी सुंदर आहे ना, कायम राहीन ना, म्हणजे म्हातारपणाची भीती आधीच आत शिरलेली आहे. मग हा येतो, तिला अमर जीवनाबद्दल सांगतो, ती घाबरते, डगमगते, आणि तेवढ्यात बाहेरून तिच्या प्रियकराची हाक येते. मग ती एकदम उसळते की नाही, मी थाईसच राहणार, माझा आता कशावरच विश्वास नाही, ना त्याच्यावर, ना तुझ्यावर, ना तुझ्या देवावर. ती मोठ्याने हसते, आणि ते हसू हुंदक्यांत फुटतं. संन्यासी सांगून गेलाय की तुझ्या उंबऱ्याशी पहाटेपर्यंत थांबतो. पडदा.

आणि मग 'मेडिटेशन' सुरू होतं. पडदा पाडलेला. स्टेजवर कोणी नाही. पडदा उघडतो तेव्हा रात्र सरत आलीये, संन्यासी पायऱ्यांवर पडलाय, आणि ती दिवा घेऊन बाहेर येते, शांत, आणि त्याला सांगते की मी रडले, प्रार्थना केली, मी यायला तयार आहे. म्हणजे हसणं-रडणं आणि ही शांतता यांच्यामध्ये एक अख्खी रात्र आहे आणि ती रात्र आपल्याला कोणी दाखवत नाही. ती रात्र म्हणजे हे व्हायोलिन. मासनेने तिच्या तोंडी मनपरिवर्तनाचं मोठं गाणं घातलं असतं तर चाललं असतं की, त्या काळात सगळे तेच करायचे. त्याने नाही घातलं. १६ मार्च १८९४ ला पॅरिस ऑपेरात हा पहिल्यांदा झाला, आणि आज तो ऑपेरा कमी लोकांना माहितीये आणि ही पाच मिनिटं सगळ्यांना, याची गंमत वाटते आणि थोडं वाईटही वाटतं.

आता हे माहीत असताना पुन्हा तो तुकडा ऐका. सुरुवातीचा सूर, तो वरचा एफ शार्प आणि तिथून डी वरून ए वर उतरणं, सगळे जण एकदम गोड, भरपूर व्हायब्रेटो (बोट हलवून सुराला दिलेला कंप) टाकून सुरू करतात. पण ही बाई आत्ताच हुंदके देत होती. ती शांत झालेली नाहीये, ती शांत होण्याचा प्रयत्न करतेय. माझ्या ऐकण्यातला जो सगळ्यात चांगला कॉन्सर्टमास्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा प्रमुख व्हायोलिनवादक, होता तो पहिला सूर जवळजवळ व्हायब्रेटोशिवाय लावायचा आणि मग तो हळूहळू गरम करायचा, जसं आपण रडून झाल्यावर पहिला श्वास जपून घेतो तसं. मधला भाग जिथे लय पुढे ढकलते आणि सूर अस्वस्थ होतात तिथे बरेच विद्यार्थी सावध होतात, मोजून वाजवतात, कारण तो अवघड आहे. तिथे ती भांडतेय हो स्वतःशी, तिथेच जर नीटनेटकं वाजलं तर मग पुन्हा मूळ चाल येते तेव्हा तिला काही अर्थच राहत नाही. चाल तीच असते पण बाई तीच राहिलेली नाही. दुसऱ्यांदा येणारी चाल पहिल्यासारखीच वाजवली की लिफ्ट सुरू झाली समजा.

अजून एक गोष्ट जी पियानोबरोबर वाजवताना हरवते. मूळ ऑपेरात पुढे एका टप्प्यावर पडद्यामागून कोरस, म्हणजे गायकांचा समूह, येतो, शब्द नाहीत, तोंड मिटून नुसता गुंजनासारखा आवाज. प्रेक्षकांना कळतही नाही पटकन की हा माणसांचा आवाज आहे. पिटमध्ये बसून तो मागून येताना ऐकला की मानेवरचे केस उभे राहतात, खोटं नाही सांगत.

आणि ही चाल तिथे संपत नाही. शेवटच्या अंकात थाईस मठात मरणाच्या दारात आहे, अथानाएल धावत येतो, आणि तीच चाल पुन्हा येते. ती म्हणते आठवतो का तो उजेडाचा प्रवास, तिला स्वर्गाची दारं उघडताना दिसताहेत, आणि हा वेडा तिला सांगतोय की मला फक्त तुझं रूप आठवतं, मी खोटं बोललो, खरं काय असेल तर ते हे जगणं आणि माणसांचं प्रेम. म्हणजे दोघांची अदलाबदल झालीये आणि खाली व्हायोलिनची तीच चाल, तिच्यासाठी प्रार्थना, त्याच्यासाठी वासना. एकच चाल दोन्ही अर्थ पेलते. म्हणून मी म्हणतो की ती फक्त 'पवित्र' वाजवू नका, त्यावर 'रिलिजिओसो', म्हणजे भक्तिभावाने, असं लिहिलंय हे खरं, पण तिच्यात शरीराची ऊबही आहे आणि संगीतकाराला ती हवी होती.

तर उत्तर, अख्खा ऑपेरा बघायला हवा का? नको, सध्या नको. दुसऱ्या अंकाची सुरुवात, मेडिटेशन, त्यानंतरचा पायऱ्यांवरचा प्रसंग, आणि शेवटचा मरणाचा प्रसंग. सगळं मिळून एका क्रिकेट इनिंगपेक्षा खूप कमी वेळ लागतो. सबटायटल लावून बघा, नुसतं ऐकू नका. एक मात्र अवलंबून आहे, तुम्हाला कोणतं रेकॉर्डिंग मिळतं यावर, कारण आजकालचे बरेच दिग्दर्शक त्या पाच मिनिटांत पडदा पाडतच नाहीत, काहीतरी नाच, काहीतरी स्वप्न, काहीतरी पाणी वगैरे दाखवतात. काही चांगलं असतं. पण मला विचाराल तर पडदा बंदच हवा, मागे स्टेजवाले सेट हलवताना धडाधड करत असले तरी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वाद्याचे सोलो असतात कशाला. हा प्रश्न मराठी माणसाला पडणं अगदी साहजिक आहे, आपल्या संगीत नाटकात ऑर्गन आणि सारंगी गाणाऱ्याच्या मागे सावलीसारखी असतात, जागा भरतात, सूर धरतात, फार तर एखादी हरकत परत करून टाळी घेतात, पण कथा ते पुढे नेत नाहीत. ऑपेरात वाद्य कधीकधी कथा पुढे नेतं. आणि याला काव्यात्म कारणांइतकीच साधी, व्यवहारी कारणंही असतात. सेट बदलायला वेळ हवा असतो. गायकाला दम घ्यायला वेळ हवा असतो. आणि संगीतकाराच्या हाताशी एखादा जबरदस्त वादक असतो.

या शेवटच्याचं उदाहरण द्यायला मला फार आवडतं कारण ते आमच्या वाद्याचं आहे. इटालियन संगीतकार व्हर्डीचा ऑपेरा 'ला फोर्झा देल देस्तिनो' १८६२ साली सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झाला. तिथे तेव्हा एर्नेस्तो कावालिनी नावाचा क्लॅरिनेटवादक होता, आधी मिलानच्या ला स्कालात वाजवणारा, व्हर्डीच्या ओळखीचा. तर तिसऱ्या अंकात, युद्धभूमीवर नायक अल्वारो एकटा आहे, आणि त्याचं गाणं सुरू व्हायच्या आधी क्लॅरिनेटला एक एवढा लांब सोलो आहे की अनोळखी माणसाला वाटावं क्लॅरिनेटचा कार्यक्रम चाललाय. गंमत म्हणजे याच कावालिनीचा भाऊ एउजेनिओ ला स्कालाच्या वाद्यवृंदाचा प्रमुख व्हायोलिनवादक होता, आणि व्हर्डीच्या १८४३ च्या 'ई लोम्बार्दी'त एका मोठ्या त्रिकुटाच्या आधी व्हायोलिनला जवळजवळ छोटा कॉन्चेर्तोच (एक वाद्य पुढे आणि वाद्यवृंद मागे अशी रचना) आहे. लेकीला तो ऐकवा, तिला आवडेल, थोडा दिखाऊ आहे पण व्हायोलिनवाल्यांना ते चालतं (माझ्या बायकोचं वाद्य व्हायोलिन आहे, मी हे घरात बोलत नाही).

मोझार्टचंही तसंच. १७९१ साली प्रागला 'ला क्लेमेन्झा दी तितो' झाला तेव्हा त्याचा मित्र अंतोन श्टाडलर वाजवायला होता, म्हणून सेस्तोच्या 'पार्तो, पार्तो' मध्ये क्लॅरिनेट आहे आणि वितेलियाच्या शेवटच्या गाण्यात बॅसेट हॉर्न, क्लॅरिनेटचाच खालच्या सुरांचा भाऊ. पण नुसता मित्राला संधी द्यायची म्हणून नाही हं. सेस्तो त्या वितेलियाच्या सांगण्यावरून स्वतःच्या मित्राला, म्हणजे राजाला, मारायला निघालाय. तो म्हणतो जातो, जातो, पण जात नाही, आणि क्लॅरिनेट त्याच्याभोवती घुटमळत राहतं, त्याला थांबवतंय की ढकलतंय ते कळत नाही. मी हे वाजवताना कायम गायिकेचे (सेस्तो पुरुष असला तरी ते काम बाई गाते) ओठ बघायचो, कारण ते गाणं दोघांचं आहे, तुमचं एकट्याचं नाही.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला बसलो तो सोलो, पुचिनीच्या 'टोस्का'च्या तिसऱ्या अंकातला. रोममधला सांत आंजेलोचा किल्ला, पहाट व्हायला आलीये, टोस्काचा प्रियकर काव्हारादोस्सी याला थोड्या वेळात गोळ्या घालणार आहेत. एक तास उरलाय असं त्याला सांगितलंय. तो अंगठी देऊन पहारेकऱ्याकडून चिठ्ठी लिहायची परवानगी मिळवतो. तो लिहायला बसतो तेव्हा चार चेलो अगदी हळू पहिल्या अंकातली प्रेमाची चाल वाजवतात, ती जागा स्वतःच सोनं आहे. मग तो लिहिता लिहिता थांबतो. आणि क्लॅरिनेट सुरू होतं. ती प्रसिद्ध चाल जी सगळ्या जगाला टेनरची (उंच आवाजाच्या पुरुष गायकाची, इथे काव्हारादोस्सीची) म्हणून माहितीये ती आधी क्लॅरिनेट म्हणतं, आणि टेनर त्या चालीवर नुसता एका सुरावर पुटपुटल्यासारखा आठवणी सांगतो, तारे चमकत होते, जमिनीला वास येत होता, दार करकरलं. चाल त्याच्या तोंडात खूप नंतर येते, जेव्हा त्याचा बांध फुटतो तेव्हा. म्हणजे त्याचं मन काय म्हणतंय ते त्याच्या आधी क्लॅरिनेटला कळलंय. 'टोस्का' १९०० साली पहिल्यांदा झाला आणि मला अजून कोणी हे याहून चांगलं करून दाखवलेलं नाही.

वाजवायला हे सुरांच्या दृष्टीने फार अवघड नाहीये, कॉलेजातली पोरं वाजवतात. अवघड काय आहे ते सांगतो. आमच्याकडे दोन क्लॅरिनेट असतात, बी फ्लॅट आणि ए, आणि हा सोलो ए वर असतो. बराच वेळ न वाजवलेलं ए स्टँडवर गार पडलेलं असतं, आणि गार क्लॅरिनेट उतरलेलं बोलतं, सूर खाली. तर आधीच्या शांत जागेत तुम्ही आवाज न करता त्यात गरम फुंकर घालत बसायचं, माउथपीस एकावरून काढून दुसऱ्यावर बसवायचा, रीड (माउथपीसवरची थरथरणारी पट्टी) ओली ठेवायची, आणि हे सगळं चार चेलो इतकं हळू वाजवत असताना की चावीचा टक् आवाज झाला तर पहिल्या रांगेला ऐकू जातो. मग कंडक्टर तुमच्याकडे बघतो आणि बाराशे माणसं एकदम गप्प असतात.

पहिल्यांदा मला हा सोलो मिळाला तेव्हा मी वाट लावली. चुकलो नाही, एकही सूर चुकला नाही, उलट फार सुंदर वाजवला. प्रत्येक सूर ओढला, प्रत्येक वळणावर थांबलो, टेनरला बिचाऱ्याला माझ्यामागे रखडत यावं लागलं आणि पुढे त्याची स्वतःची चाल आली तेव्हा त्याच्याकडे वाढवायला काही शिल्लकच नव्हतं, सगळं रडणं मी आधीच रडून घेतलं होतं. प्रयोग झाल्यावर कंडक्टर रागावला नाही, फक्त म्हणाला की त्या माणसाकडे एकच तास आहे आणि त्यातला अर्धा तू वापरलास. मी घरी जाताना ट्राममध्ये त्यावर चिडलो होतो. दोन दिवसांनी पटलं. दुसऱ्या प्रयोगाला सरळ वाजवला, जवळजवळ कोरडा, नुसता श्वास लांब ठेवला, आणि त्या रात्री टेनर फुटला तेव्हा मला खालीच बसल्या बसल्या गलबलून आलं.

हीच गोष्ट लेकीला सांगा. सगळं रडू तुम्हीच रडायचं नसतं.

व्हर्डीच्या 'डॉन कार्लोस'मध्ये (पॅरिस, १८६७) चेलोचा एक सोलो आहे, राजा फिलिपच्या एकटेपणाचा. स्पेनचा सर्वसत्ताधीश, रात्रभर जागा, मेणबत्त्या विझत आल्यात, खिडकीत उजाडतंय, आणि तो स्वतःशीच अर्धवट स्वप्नात म्हणतो की तिने माझ्यावर कधीच प्रेम केलं नाही, फ्रान्सहून आली त्या दिवशी माझ्या पांढऱ्या केसांकडे किती उदास होऊन बघत होती. ती मुळात त्याच्या मुलाची ठरलेली नवरी, हे लक्षात घ्या. हे वाक्य येण्याआधी चेलो बोलून घेतं. राजा कोणासमोर बोलू शकत नाही, दरबारात तो दगड आहे, म्हणून चेलो. आमचा चेलोवाला म्हणायचा की हा सोलो वाजवताना आपण कोणीतरी दाराच्या फटीतून बघतोय असं वाजवायचं. मला ते फार पटायचं. मोठा सूर काढला की राजा पुन्हा सिंहासनावर जाऊन बसतो.

सगळेच सोलो असे दुःखी नसतात. दोनिझेत्तीचा 'लेलिझीर दामोरे' (मिलान, १८३२) हा हसवणारा ऑपेरा, खेड्यातला साधा भोळा नेमोरिनो, आणि त्याच्या त्या प्रसिद्ध गाण्याआधी सोलो कोणाला तर बासूनला, म्हणजे खालच्या सुरांच्या लांब फुंकवाद्याला. बासून म्हणजे वाद्यवृंदातला विदूषक असं सगळे समजतात, फुगलेल्या गालांचा. आणि तेच वाद्य इतकं हळवं होतं की प्रेक्षक गोंधळतात, हसायचं की नाही. नेमोरिनोला तरी आयुष्यभर कोण गंभीरपणे घेत होतं, म्हणून बासूनच योग्य. व्हायोलिन दिलं असतं तर तो एकदम राजपुत्र झाला असता.

वाग्नरकडे वाद्य खरंच कथेत असतं, म्हणजे पात्रांना ते ऐकू येतं. 'त्रिस्तान'च्या तिसऱ्या अंकात जखमी त्रिस्तान पडलाय आणि एक धनगर बासरीवर उदास चाल वाजवतोय, समुद्र रिकामा आहे, त्याच्या प्रेयसीचं, इझोल्डेचं, जहाज दिसत नाही. ही धनगराची बासरी म्हणजे पिटमधलं कॉर आंग्ले, ओबो या फुंकवाद्याचा मोठा भाऊ, आणि तो सोलो पूर्ण एकट्याचा, खाली कोणाचाही आधार नाही, मिनिटं चालतो. आमचा ओबोवाला त्यासाठी पिटमधून उठून स्टेजमागे जायचा, अंधारात, एका छोट्या पडद्यावर कंडक्टर बघत. परत येईपर्यंत त्याचा चेहरा पांढरा असायचा. आणि 'सीगफ्रीड'मध्ये तर कमाल आहे, सीगफ्रीड पक्ष्याशी बोलायला म्हणून बोरूची शीळ कापतो आणि वाजवायला जातो, ती बेसूर वाजते, म्हणजे कॉर आंग्लेवाल्याला मुद्दाम, लिहिलेलं, घाण वाजवायचं असतं. सगळा जन्म सुरात वाजवायला शिकण्यात गेला आणि इथे पगार बेसुराचा. मग सीगफ्रीड वैतागून शिंग फुंकतो, आणि तो हॉर्नचा सोलो, तिथे हॉर्नवाल्यांचे पाय लटपटतात, कारण त्यांनी फुंकल्यावर जागा होतो तो अजगर आणि चुकलं तर अजगराच्या आधी अख्खं थिएटर हसतं.

'लुचिया दी लाम्मेरमूर'मधला वेडाचा प्रसंग तुम्ही ऐकला असेलच, बासरी आणि सोप्रानो (उंच आवाजाची गायिका) एकमेकांमागे धावतात. त्याबद्दल दोनच गोष्टी. दोनिझेत्तीने १८३५ मध्ये नेपल्सला हा लिहिला तेव्हा बासरी नव्हती, काचेच्या भांड्यांचं वाद्य होतं, ग्लास हार्मोनिका, ओल्या बोटांनी वाजवतात ते, भुतासारखा आवाज. ऐन वेळी ते रद्द करून बासरीला दिलं. आणि बासरीबरोबरची जी लांबलचक कसरत सगळे टाळ्या वाजवून ऐकतात ती दोनिझेत्तीची नाही, खूप नंतरची आहे, नेली मेल्बा या गायिकेने १८८९ मध्ये पॅरिसला गायली तिथपासून ती चिकटली. आजकाल काही ठिकाणी पुन्हा काच वापरतात. जमलं तर ते रेकॉर्डिंग शोधा, बासरीबरोबर ती गाते असं वाटतं, काचेबरोबर ती खरंच वेडी झालीये असं वाटतं.

'कार्मेन'च्या तिसऱ्या अंकाआधीची बासरी आणि हार्प सगळ्यांना माहितीये, सुंदर आहे, लेकीला ती सहज आवडेल, त्यावर मला जास्त काही म्हणायचं नाही. 'ओतेल्लो'च्या शेवटच्या अंकात देस्देमोनाची प्रार्थना संपते, व्हायोलिनं वर कुठेतरी विरून जातात आणि एकदम तळातून डबल बास, खरं तर तो एकाचा सोलो नाही, अख्खा विभाग, पण व्हर्डीने लिहून ठेवलंय की फक्त चार तारांचे बास वाजवतील. खोलीत खुनी शिरलाय. एक शब्द नाही.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, कधी पडदा बंद असतो आणि वाद्य आतली रात्र दाखवतं, कधी पात्राला शब्द सुचायच्या आधी वाद्याला सुचतं, कधी ते गाणाऱ्याच्या बरोबरीने घुटमळतं, आणि कधी ते सरळ गोष्टीतलंच एक पात्र असतं. तुमच्या लेकीचा तुकडा पहिल्या प्रकारातला आहे आणि तो मला सगळ्यात कठीण वाटतो कारण तिथे आधाराला चेहरासुद्धा नाही.

आता कामाचं, डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी. हे सगळं तिच्या सरांना विचारून, मी लांबून बोलतोय आणि मी तिला ऐकलेलं नाही. तिला आधी थाईसच्या दुसऱ्या अंकातला तो हसून रडण्याचा शेवट चार-पाचदा बघू दे आणि पॉज न करता सरळ मेडिटेशनमध्ये जाऊ दे. मग व्हायोलिन बाजूला ठेवून ती चाल नुसती गुणगुणू दे, आवाज चांगला असायची गरज नाही, फक्त श्वास कुठे घ्यावासा वाटतो ते पेन्सिलने लिहून ठेवायचं. बहुतेक तिचे श्वास आणि तिचे बो बदल जुळणार नाहीत, तिथे काहीतरी ऐकण्यासारखं सापडेल. लय किती ठेवायची ते हॉलवर आणि तिच्या बोवर अवलंबून, पण मला वाटतं शिकणारी पोरं हा तुकडा गरजेपेक्षा हळूच वाजवतात, हळू म्हणजे खोल असं समजून. थोडा पुढे ठेवला तर मधलं भांडण आपोआप जिवंत होतं. आणि शेवटचे ते वरचे हार्मोनिक्स (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेले शिट्टीसारखे सूर), ते 'लागले एकदाचे' अशा चेहऱ्याने संपवायचे नाहीत. ती बाई त्यानंतर उठून दिवा लावणार आहे, तेव्हा शेवटच्या सुरानंतर बो लगेच खाली आणू नको म्हणावं.

मुंबईत असाल तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवतात, वेळापत्रक बघून एखादा व्हर्डी किंवा पुचिनी लेकीला दाखवून आणा, मध्यंतर असतं, खायला मिळतं. थाईसच असायला पाहिजे असं काही नाही. कुठलाही असो, वाद्य एकटं पडलं की तिला कोपराने ढोसा आणि कानात विचारा की आत्ता गप्प कोण आहे.

आणि एक राहिलं, पियानो वाजवणाऱ्यांना सांगा की त्यांचा डावा-उजवा हात म्हणजे मुळात हार्प आहे, पेडल जपून. आणि जिथे मूळात पडद्यामागचा कोरस येतो ती जागा त्यांना दाखवून ठेवा, तिथे त्यांनी काही वेगळं वाजवायचं नाहीये, फक्त माहीत असू दे की मागे माणसं आहेत.